धाव

उइके काका मोतीबागच्या कारखान्यात फिटर होते,
छोट्या लाइनच्या चाकांवर लोखंडी टायर चढवत.
मी जुनी चाकं घेऊन आले,
गोकुळपेठेतल्या एकाने पाठदुखीपायी विकलेली,
तर आधी त्यांनी रिम वाजवून पाहिली,
माठ वाजवतात तशी.
याला कडच नाही वो, म्हणाले,
टायर अडकंन कायले?
गोंदानं, मी म्हटलं.
ते हसले नाहीत. डबा उघडून वास घेतला.

दोन दिवस टायर कोरडाच चढवून ठेवला, ताणायला.
मग गोंद.
मे महिन्यातली दुपार: ब्रश अर्ध्या चाकावर पोचेस्तोवर
मागचा गोंद साय धरून बसलेला.
कूलरसमोर नेलं तर खसाची काडी येऊन चिकटली.
म्हणून पहाटे चार, गच्चीवर.
रिमला तीन हात, टायरच्या पट्टीला दोन,
दर हातामागे एक रात्र.
शेजारच्या भावना वहिनींनी कठड्यावरून विचारलं,
कुरड्या घातल्या का?

काका पायरीवर बसून सांगत राहिले:
बैलगाडीची धाव पाह्यली का तू?
चाक गार, धाव लालभडक.
चार जण चिमट्यानं धरतेत, बसवतेत, मंग पाणी.
आकसते ते, अन् लाकूड करकर बोलते.
कारखान्यातबी तेच, फक्त मोठं.
तुझं वेगळंच दिसते.
इथं कोणीच तापत नाही.

मी तापले होते. बोलले नाही.

चौथ्या पहाटे चाक पायांमध्ये उभं केलं, व्हॉल्व्ह वर,
आणि दोन्ही हातांनी खाली ओढत गेले,
डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे,
ओढत, ओढत,
शेवटची वीतभर जागा उरली
आणि ती ऐकेना.
चाक उलटं करून पोटाशी धरलं.
अंगठे पांढरे. ओढणी केव्हाच चिकटलेली.
काका उठले नाहीत.
श्वास सोड, एवढंच म्हणाले.
सोडला.
टप्प.

फिरवलं तर टायर नागमोडी.
गोंद धरायच्या आत सरळ करायचा,
बोटभर इकडे, बोटभर तिकडे.
काका डोळा बारीक करून: इथं. अजून. इथं.
मग हवा, मग दुसरं चाक,
मग दिवसभर हात लावायचा नाही.
सात वेळा जाऊन पाहिलं. हात लावला दोनदा.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर, उजाडताना,
पहिल्या वळणाला मी ब्रेक दाबले.
दुसऱ्यालाही दाबले.
तिसऱ्याला कलले,
गुडघा रस्त्याकडे, कान मागच्या चाकाकडे,
कुठे काही सुटतंय का.
रस्ता सुळसुळ बोलत होता, बाकी काही नाही.

घरी आले तर दिव्याच्या बटणावर
माझ्या अंगठ्याचा पिवळट ठसा.
रॉकेल लावलं, चाकूने खरवडला, निघेना.
काकांना सांगितलं.
त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.
मंग बसला म्हणाचा, म्हणाले.