खडा

दोन्या प्रिमितिवाच्या वर्गात फळा नव्हता.
ओरुरोच्या वरच्या अंगाला, वारा अडेल अशा भिंतीशी
चार पिंपांवर आडवं टाकलेलं एक दार,
आणि दारावर जळक्या मोटारीची आतडी:
तांब्याची काळपट तार, उलगडावी तेवढी लांब.

मी अकरा वर्षांची. माझ्या वाट्याला शांपूची बाटली.
तिच्यावर नव्वद वेढे, वेढ्याला वेढा खेटून.
मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.
सत्तेचाळीसला आईनं हाक मारली.
मी ओ दिली.
पुन्हा एकपासून.

खडा मात्र विकत आणायचा नव्हता.
खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यावर पाठवलं तिनं आम्हाला,
आजोबांच्या पिढीनं कथील काढून
नको म्हणून फेकलेल्या दगडांत.
शिशाचा, जड, फुटला की चौकोनीच फुटणारा.
लिंबर्टनं खिसा भरून आणला. खिसा फाटला.
"हा नको. हा नको. हा नुसताच देखणा.
बाकीचे टाकून बघू, कुठला बोलतो."

नखाएवढा एक, बाटलीच्या बुचात चंदेरी कागदानं दाबलेला.
त्यावर सेफ्टी पिनेचं टोक.
"रुतवू नकोस. आपी किती गरम आहे
ते ओठ पेल्याला विचारतात ना, तसं."

"बॅटरी कुठाय?"
"नाही."
"मग चालणार कशावर?"
"लांब कुणीतरी इतक्या जोरात बोलतंय, पोरी,
की त्याच्या उष्ट्यावर तुझा कान भागेल."

झुल्माचा लागला. रोमुलोचा लागला, मग बंद, मग लागला.
माझा मुका.
तिनं तारेवर बोट ठेवलं आणि बोटामागून चालत गेली,
भिंतीवरून खाली, मातीत ठोकलेल्या सळईपर्यंत.
"जमीन कोरडी आहे. कोरडीला कळत नाही."
पाण्याची गाडी मंगळवारी येते.
शनिवारी मातीत पाणी ओतणारं गावात कोणी नाही.

लिंबर्ट भिंतीमागे गेला.
जरा वेळानं आला, आकाशाकडे बघत.

आणि जुन्या टेलिफोनच्या त्या काळ्या कानात
आधी खरखर, मग खाकरणं, मग क्वेचुआत एक बाई,
अगदी हळू, पण माझ्याशीच:
"फ्लोरेन्सियाला निरोप.
गाढव सापडलं. येताना मीठ आण."

दोन्यानं भिंतीमागे डोकावलं नाही.
एवढंच म्हणाली, हे चाललं, ते का चाललं,
नुसत्या पाण्यानं इतकं का चाललं नसतं,
विचार करून या.

पुढच्या शनिवारी पोरांच्या सगळ्या सळया
भिंतीच्या मागच्या अंगाला हललेल्या.
मी माझी हलवली नाही.
घरून अर्धी बाटली पाणी आणलं होतं,
त्यात मूठभर मीठ.

तिनं बोट बुडवून चाखलं.
मग तिची सोल्डरिंगची कांब,
जी ती कुणाला द्यायची नाही,
मुठीकडून माझ्यापुढे धरली.