निळा दिवा

शंभर टक्के झालं, म्हणतो पडदा.
फागोजी लांजेवार पेन ड्राइव्हला हात घालतो;
बाहेर लाखांदूरची बस हॉर्न देते.
"थांबा जी," मी म्हणतो, "दिवा पाहा."

मंडईच्या नाटकाचं शूटिंग
मागच्या खेपेला असंच उपसून नेलं त्यानं.
घरी लावलं, तर तिसऱ्या अंकात
हिरोइनीचा विळा हवेतच,
खाली कारभारी हसत,
अर्धा चेहरा हिरव्या चौकोनांचा.
मेलाच नाही.
नात रोज विचारते म्हणे,
तो कारभारी आता कोठी रायते?

धान मळलं म्हणजे ढोलीत पडलं
असं या गावात कोणी म्हणत नाही.
मशीन म्हणते.
घेतलं घेतलं म्हणते
आन् ओंजळीतच धरून बसते.

मी खालच्या कोपऱ्यात क्लिक करतो.
दिवा लुकलुकतो.
बस निघून जाते.
फागोजी एक शिवी हासडतो,
तेलाच्या पिप्यावर बसतो,
खर्र्याची पन्नी सोडतो.
लुकलुकतोच आहे.

मग विझतो.
"काढा आता."

तो काढत नाही.
बोट तसंच टेकवून विचारतो,
"मेला ना जी? पक्का?"