शिक्का अर्धाच आला

विजयनगरला, कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, वारसाचे दाखले, जामिनाचे कागद,
घटस्फोटाच्या अर्जाचे तीन संच, पाठपोट.
अख्ख्या सांगलीचं भांडण माझ्या काचेवर पालथं पडतं
आणि पानाला दोन रुपये ठेवून जातं.

मशीन आता कागद खातं.
नव्यासाठी कर्ज मागायला गेले, तर
बँकेतल्या पाटोळे मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.
"स्कूटीचे हप्ते वेळेवर, बचत गटाचे वेळेवर,
मग हे काय, सुनेत्राताई?"
हे म्हणजे एक मोबाईल कंपनी.
पोस्टपेड. दोन हजार तीनशे सोळा.
शेरा : निर्लेखित.
निर्लेखित! शब्द बघा.
माझ्या नावावर पाणी सोडलं म्हणे त्यांनी,
आणि सोडल्याचं सगळ्या बँकांना कळवून ठेवलं.

नंबर वाचला. शेवटी सेहेचाळीस.
पाठ होता.
साखरपुड्यानंतर घेतलेला जोडीचा प्लॅन,
एक सिम माझं, एक भरतेशचं.
बिल माझ्या नावावर,
कारण त्याच्या आधारवर चौगुलेचं चौघुले झालं होतं
आणि दुरुस्त करू, करू म्हणत राहिलं होतं.
दिवाळीच्या तोंडावर मोडलं.
साड्या कुपवाडला परत गेल्या, अंगठी इकडे आली.
माझं सिम मी कात्रीने कापलं,
त्याचं बंद करायचा अर्ज गॅलरीत देऊन आले.
तो पुढे तीन महिने बोलत राहिला.

हरकतीचा फॉर्म मोबाईलवरच भरायचा असतो.
कारण निवडा :
हे खाते माझे नाही.
रक्कम चुकीची आहे.
रक्कम आधीच भरली आहे.
सगळ्यात खाली, इतर. इतरला दोनशे अक्षरं.
मी लिहिलं, खातं माझं होतं, बोलणं माझं नव्हतं.
खोडलं.
लिहिलं, अर्ज दिल्यानंतरचे बिल मान्य नाही.
पुढचा चौकोन : पुरावा जोडा.

जगाच्या प्रती काढणाऱ्या बाईला
स्वतःच्या अर्जाची प्रत सापडेना.
फायली झाल्या, माळा झाला, आईची ट्रंक झाली.
सापडली शेवटी दुकानातच,
बिघडलेल्या पानांच्या पाठकोऱ्या गठ्ठ्यात.
मागच्या बाजूला माझाच हिशोब :
निंबाळकर वकील, चाळीस पानं, उधार.
पुढे अर्ज. तेव्हाचं माझं अक्षर, किती गोल.
कोपऱ्यात गॅलरीचा पोच-शिक्का, अर्धाच.
कागद तिरका ठेवला गेला होता त्या दिवशी.
नऊ नोव्हेंबर आलं, साल काचेबाहेर राहिलं.

हात थरथरत होता का? आठवत नाही.
गिऱ्हाईक असतं तर मीच म्हटलं असतं,
पान बिघडलं, ह्याचे पैसे देऊ नका.

तेच जोडलं.
उत्तर आलं, हरकत नोंदली आहे, तीस दिवस थांबा.
मॅडम म्हणाल्या, "कशाला ताणता?
थोडं कमी करून घ्या, भरून टाका.
शेरा बदलून तडजोड असा येईल."
तडजोड.
तेवढी एक केली असती
तर सिम कशाला कापलं असतं, मॅडम?
बोलले नाही. नुसती हसले.

आज बाविसावा दिवस.
रिपोर्टात त्या ओळीपुढे आता बारीक अक्षरांत
'वादग्रस्त' असं आलंय.
आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली,
"चारचौघांत सांगू नकोस हं."

मशीनने सकाळपासून दोनदा कागद खाल्ला.
तासगावकडचे एक आजोबा दाखला घेऊन उभे,
कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात.
"शिक्का समदा येऊ दे गं बाई,
मागल्या टायमाला परत पाठीवलं मला."

बटणावरचं बोट मी काढलं.
झाकण पुन्हा उघडलं,
कागद कोपऱ्याला टेकवला,
तळहाताने सरळ केला.