ऑस्टिनचा हिरवा

आधी दाढी गेली.
मास्कच्या खोक्यावर बारीक अक्षरांत होतं:
रबर कातडीला बसलं पाहिजे, मध्ये केस नकोत.
एकतीस वर्षं राखलेली. पिळगावात माझी खूण.
सुलक्षा म्हणाली, एका इंजिनापायी?
आणि फेसाखालून आरशात
बाबांची हनुवटी निघाली.
मी वस्तरा धुतला. काही बोललो नाही.

गोठ्याचं गॅरेज केलं त्याला बारा वर्षं झाली,
तरी पावसाळ्यात भिंतीला शेणाचा वास येतोच.
ऑस्टिन तिथे उभी, बोनेट काढलेली,
आणि इंजिन बाहेर, लाकडी घोडीवर,
दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं.
डिचोलीच्या कुणा दोतोराची गाडी ही,
पोर्तुगीज आमदानीत बोटीतून उतरलेली.
पुढे तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

तीन दिवस नुसतं खरवडणं.
तेलाचा काळा थर, त्याखाली खाणीची लाल माती,
त्याखाली कुणीतरी फासलेला चंदेरी,
आणि डायनॅमोच्या पट्टीच्या पाठीवर, नखाएवढा,
ऊन न लागलेला मूळ हिरवा.
केळीच्या पानाची मागची बाजू असते ना,
तसा काहीसा.
पट्टी खिशात घालून म्हापशाला तीनदा गेलो.

मग भोकं बुजवली: प्लगची, पाण्याची, पेट्रोलची,
आत जायला वाट असेल ती सगळी,
टेपने, चिंध्यांनी, फेणीच्या बाटल्यांच्या बुचांनी.
बॅटरी मागच्या पडवीत.
कोपऱ्यातल्या जुन्या फ्रीजचा प्लग उपटला,
त्याच्या पोटातली एक ठिणगी पुरते.
दारं सताड उघडी. पेट्रोलचा कॅन विहिरीपाशी.
सेबास्तियांवला सांगितलं, विडी त्या माडापलीकडे.
तो म्हणाला, पात्रांव,
दाढी काढल्यापासून तू हुकूम सोडायला लागलास.
सुलक्षेला सांगितलं, आज तुळशीतली पणती उशिरा.
तिने नुसतं पाहिलं.
या घरात त्या पणतीला अजून कुणी थांबवलेलं नाही.

दुपारचे तीन. सकाळी जमत नाही,
नदीवरचं धुकं उठेस्तोवर हवा ओली,
आणि ओलीत रंग दुधाळतो.
पट्टे डोक्यामागे आवळले, गालांवर दोन डबे.
तळव्यांनी डबे झाकून श्वास ओढला,
रबर चेहऱ्याला चिकटलं.
स्वतःचा श्वास इतक्या जवळून
कधी ऐकला नव्हता.

बाबा बार्जी रंगवायचे.
सारमानसच्या धक्क्यावर, लोखंडी पोटाखाली उताणे,
हातात गन, गनमध्ये रेड ऑक्साईड,
तोंडाला पंचा.
संध्याकाळी पंचा धुतला की पाणी लाल,
थुंकी लाल,
रस्ता लाल, आंब्याची पानं लाल, आमचे गणवेश लाल.
खाणीच्या गावात लाल थुंकीकडे कोण बघतं?
बांबोळीच्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला
तेव्हा आईने विचारलं होतं,
हे ढग काय?

पहिला हात पातळ, लोखंड दिसत राहील इतका.
ट्रिगर इंजिनाच्या अलीकडे दाबायचा,
सरकत जायचं, पलीकडे सोडायचा.
मनगट वळवायचं नाही, खांदा चालवायचा.
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
सहा वर्षांचा मी धक्क्यावर डब्यापाशी बसायचो,
तेवढंच.

दहा मिनिटं थांबलो. दुसरा हात. पुन्हा थांबलो.
तिसऱ्याला हिरवा वर आला.
केळीच्या पानाची मागची बाजू.

माडापलीकडे जाऊन मास्क काढला,
रुमालात नाक शिंकरलं.
बाबा न बघता घडी घालायचे.
मी रुमाल उलगडला.
सेबास्तियांवने मान लांब करून विचारलं, कितें?
काही नाही, म्हटलं,
आणि तो पांढरा रुमाल त्याच्यापुढे धरला.

डाव्या बाजूला, पंपाच्या खोबणीत,
एक ओघळ राहिलाय.
सुकला की घासून परत मारीन.
अंगणातून सुलक्षा विचारते, लावू आता?
मी दारात उभा राहून वास घेतो,
उघड्या, गार हनुवटीने.
अजून थोडी थांब.