नमुना

विद्यार्थ्यामागे तीन रुपये, गुरुजी. शिक्षक फुकट.
चहा शाळेचा, माइक आमचा.
हे मी इतक्यांदा बोललोय
की झोपेत बायकोलाही दर सांगितलाय.

डिकीत पत्रकांचा गठ्ठा:
‘पक्षिस्वर-सम्राट सुकलाल वाघ. चाळीस पाखरं, एक गळा.
परिपाठानंतर फक्त पस्तीस मिनिटं.’
चाळीस हा आकडा माझा.
सुकलालला सव्वीस येतात,
कोंबडा धरला तर सत्तावीस.

पिंपळनेर, सामोडे, दहिवेल.
प्रत्येक गावी तेच टेबल, तीच काच,
काचेखाली मागच्या वर्षीचं वेळापत्रक.
केंद्रप्रमुखांचं पत्र आणलंय का?
चाचणी होऊन जाऊ द्या.
गेल्या खेपेला एक जादूगार आला होता,
त्याचं कबूतर अजून आमच्या तांदळाच्या खोलीत आहे.
आणि मग, उठता उठता:
बरं, नमुना तर दाखवा.

सुकलाल तेव्हा साक्रीला, टपरीच्या बाकावर,
मफलर गुंडाळून गळा सांभाळत असतो.
म्हणून मी एक शिकलो. टिटवी.
पिशवी खाली ठेवायची, मूठ तोंडाशी धरायची,
आणि शिपायाच्या हातातला पाण्याचा ग्लास
आहे तिथंच थांबतो.

आंबापाड्याच्या शाळेत
बेडसे मॅडमसमोर मी टिटवी केली
आणि खिडकीबाहेरून उत्तर आलं.
माझ्यासारखं नाही.
तिखट, तुटक, उडता उडता मागं वळलेलं,
खडीतल्या अंड्यांवर कुणाचा तरी पाय पडणार आहे
असं.

खिडकीखाली एक पोरगा अंगठे धरून वाकलेला.
तसाच, उलट्या डोक्यानं म्हणाला,
‘तुमनी टिटवी बशेल शे, भाऊ.
ती बशीसन वरडत नही.’

मॅडमना हसू आवरेना. त्यातच त्यांनी तारीख लिहिली,
दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार. पट एकशे तेरा.
ते कमिशन खरं तर त्याचं.

मंगळवारी सुकलालचा गळा मोकळा लागला.
तांबट केला, भारद्वाज केला,
पहिलीच्या पोरी टाळ्या वाजवायच्या विसरल्या.
टिटवीच्या वेळी मी खिडकीकडं बघितलं.
खिडकीत नुसतं ऊन.

मॅडमनी पैसे मोजले. हजर ब्याण्णव,
दोनशे शहात्तर रुपये, इथं सही करा.
मी म्हणालो, तो अंगठे धरलेला?
‘कौतिक मालचे? गेला ना बारडोलीकडं.
त्याचे आईबाप कोयत्यावर. निम्मा पाडा ट्रकमध्ये बसून गेला.
होळीला येईल. आला तर.’

परतताना मागच्या सीटवर
सुकलाल दहिवेलपर्यंत हिशेब करत होता.
‘त्रेसष्ट कमी कसे रे?’
घाट नसतानाही मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली,
आवाज मोठा व्हावा म्हणून.

आता कुणी नमुना मागितला
की मी खुर्चीत बसून करत नाही.
उठतो, दारापर्यंत जातो,
जाता जाता मान मागं वळवतो, आणि ओरडतो.
बुकिंग वाढलंय.
परवा शिंदखेड्याला एका गुरुजींनी
चष्मा काढून विचारलं,
कुणाकडं शिकलात हो हे?

मी म्हणालो, विद्यार्थ्यामागे तीन रुपये, गुरुजी.
शिक्षक फुकट.