तीसला दोन

कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दवाखाना.
रिक्षात बसून नुसतं ‘सीपीआर’ म्हणा,
दसरा चौकातून वळवून
तो तुम्हाला केसपेपरच्या खिडकीपाशी सोडतो.
त्यामुळं पहिल्या सेमिस्टरला उपाध्ये मॅडम म्हणाल्या,
‘आज सीपीआर’,
तेव्हा मागच्या बाकावरून रणजित चौगले म्हणाला,
‘मॅडम, वडापनं जायचं का चालत?’

मॅडमही हसल्या. मग फरशीवर
कमरेपर्यंतचाच एक रबरी माणूस आडवा टाकला.
आम्ही त्याला बापू म्हणू लागलो.
बापूच्या छातीच्या मधोमध तळवा, कोपर सरळ,
पाच सेंटिमीटर खोल, सहाच्या वर नाही.
तीस दाब, दोन श्वास. तीसला दोन.
नीट दाबलं की बापूच्या आत टक्क वाजतं,
चुकलं की वाजत नाही.
एवढं सरळ उत्तर मला घरात कुणी दिलेलं नाही.

घरात विचारतात: डॉक्टर होणार?
नाही.
मग नर्स?
नाही, मामी. बीएस्सी आहे, तीन वर्षं, आणि मग इंटर्नशिप.
‘गाडीवर असत्या ती,’ आई मध्येच मिटवून टाकते,
‘एकशेआठच्या.’

रात्री मी लोडावर सराव करायचे.
पप्पा शिरोलीच्या फौंड्रीतून सेकंड शिफ्ट करून आले,
बूट न काढता दारातच थांबले.
लग्नाआधी तालमीत होते, अजून पहाटे जोर मारतात.
‘खांद्यातनं नको. कमरेतनं येऊ दे.’
पुस्तकात हे पान दोनशे अकरावर आहे.
पप्पांनी ते पान पाहिलेलं नाही.

जानेवारी. उसाचा हंगाम.
गगनबावडा रोड, कळ्याच्या अलीकडं,
ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर,
आणि ट्रॉलीखाली अर्धी मोटारसायकल.
ट्रॅक्टरवरचा डेक कुणी बंद केला नव्हता.
ताशिलदार डॉक्टरांनी श्वासनलिका धरली,
मी तळवा ठेवला.

माणसाच्या छातीत टक्क वाजत नाही.
बरगडी वाजते.
असं होऊ शकतं, हेही पुस्तकात आहे,
पण तो आवाज कानाला नाही, मनगटाला ऐकू येतो,
हे नाही.

पायलट दस्तगीर मुजावर. त्यांचं लक्ष रस्त्यावर,
तरी माझ्याबरोबर मोजत होते, मोठ्यानं,
मी धापेनं आकडे गिळत होते म्हणून.
फुलेवाडी नाका. रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या,
हातात द्रोण घेऊन माणसं बाजूला सरत होती.
पोराच्या खिशात फोन थरथरत होता.
थांबत होता, थरथरत होता.
सीपीआर देत देत आम्ही सीपीआरला पोचलो
आणि त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

आतल्या डॉक्टरांनी घड्याळ बघून वेळ सांगितली.
माझा आकडा सतरावर होता.

स्ट्रेचरच्या चाकात उसाचा पाला अडकलेला.
तो काढायला चिमटा लागला.
मुजावरचाचांनी चहा आणला, म्हणाले,
‘उद्या ऑक्सिजनचा बाटला बदलायचाय, आठवण कर.’
एवढंच.
मी हाताच्या मागच्या बाजूला पेनानं लिहून घेतलं:
बाटला.

घरी पप्पा पहाटे जोर मारत होते.
ते विसापर्यंतच मोजतात, मग परत एकपासून.
आकडा मोठा झाला की दम आधीच घाबरतो म्हणे.
मी पांघरुणात पडून ऐकत राहिले.
सतरा आला. गेला.

जूनमध्ये नवी बॅच आली.
मॅडमनी मला पुढं बोलावलं, दाखव म्हणाल्या.
हुपरीची एक बारीकशी पोरगी गुडघ्यावर बसली,
दाबलं, बापू टक्क वाजला,
आणि तिनं वर बघून हसून घेतलं.
तिला काहीतरी सांगायचं होतं.
त्या टक्कबद्दल.

‘कोपर सरळ,’ मी म्हणाले.
‘हं. मोज. मोठ्यानं.’