काठपाकोळी

तिसा नदी दर वसंतात एटेल्काच्या परसातलं
थोडं थोडं नेते.
गेल्या साली कोंबड्यांचं खुराडं,
यंदा प्लमचं झाड, मुळांसकट, कळ्यांसकट.
मी जलखात्याचा माणूस, टेप धरून उभा.
"दोन मीटर दहा," मी म्हणालो.
"आणि झाड," ती म्हणाली, "झाडही लिही."
फॉर्मवर झाडाला रकाना नव्हता.

नुकत्याच कापलेल्या काठाची माती
पिवळी, ओलसर, पावाच्या गाभ्यासारखी.
तिच्यात भोकं. मोजायला घेतली,
दोनशेवर नाद सोडला.
भोकाभोकातून चिमूट चिमूट वाळू उडत होती:
आत कुणीतरी पाठमोरं,
पायांनी माती मागे सारणारं,
तेरा-चौदा ग्रॅमचं,
अख्खं वाळवंट ओलांडून आलेलं
आणि आल्या आल्या कामाला लागलेलं.

जुन्या बिळांत पिसवा होतात, एटेल्का सांगते,
म्हणून यांना दरसाल कोरी भिंत लागते.
कोरी भिंत नदी देते.
"नदी देते म्हणजे
माझ्यातलं काढून देते."
हे बोलताना ती हसली नाही.

मी कागद पुढे केला.
दगडी बांध, खर्च सरकारचा, सही इथे.
तिनं तो मिठाच्या बरणीखाली सरकवला.
"ऑगस्टात ये."

जूनमध्ये काही काम नसताना गेलो.
ती कडेवर स्टूल टाकून बसलेली,
मांडीवर मारलेलं बदक, पिसं उपटत होती
आणि मूठ मूठ वाऱ्यावर सोडत होती.
पाकोळ्या खालून यायच्या, पीस अधांतरी टिपायच्या,
वळायच्या, भिंतीत गडप.
पाण्यावर एकही पीस पडलं नाही.
"आम्ब्रुशची उशी मी उसवली,"
ती एकदम म्हणाली,
"मे महिन्यात. बदक तेव्हा लहान होतं."
यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.
मी टेप काढली, उगाच काठ मोजला.

ऑगस्टात तारा रिकाम्या होत्या.
भोकांतून नुसता वारा.
बरणी उचलली तर कागदावर
तिच्या बुडाचं पांढरं वर्तुळ,
खाली सही, नीट, शाळकरी वळणाची,
आणि समासात शिसपेन्सिलीनं:
झाड, एक. भोकं, तीनशे अकरा.

कागद अजून माझ्या खणात आहे.
कचेरीत विचारलं की सांगतो,
मीठ लागलंय साहेब,
सही नीट वाचता येत नाही.